स्ट्रॉबेरीच्या दुकानापाशी

दुकान कायमचं बंद होणार, सगळा माल निम्म्या किमतीत, असा भला मोठा कागद काचेवर चिकटवला होता आणि आत अर्ध्या भांडुपच्या बायका घुसल्या होत्या. त्यांत मीही होते. डाव्या हातात शर्वूचा हात, खांद्याला पर्स, आणि डोळे मधल्या टेबलावरच्या फ्रॉकच्या ढिगावर. त्यातला एक अबोली रंगाचा फ्रॉक मी ओढला, तर त्याचं दुसरं टोक एका बाईच्या मुठीत.

"अहो, मी आधी धरलाय," ती म्हणाली.

"धरलाय ना? घेतला तर नाही!" मी म्हणाले, आणि दोन्ही हातांनी हिसका दिला.

फ्रॉक आला. मी कराडची आहे, असल्या ओढाओढीत मागे हटणारी नाही. मोठ्या दिमाखात वळले, फ्रॉक शर्वूच्या पाठीला लावून मापाला बघायला, तर शर्वू नव्हती.

आधी मला रागच आला. ही पोरगी म्हणजे एक मिनिट एका जागी ठरेल तर शपथ! टेबलाखाली वाकून पाहिलं. नुसत्या चपलाच चपला. कपडे घालून बघायच्या खोल्यांचे पडदे एकेक करून सारले, त्यातल्या एका पडद्यामागून कोणीतरी किंचाळलं. "शर्वू! ए शर्वरी!" माझ्याच हाका त्या गोंगाटात मला ऐकू येईनात. तो फ्रॉक तिथेच टाकला आणि बाहेर पळाले.

बाहेर सरकत्या जिन्याजवळच्या बाकावर माझे सासरे, आप्पा, आमच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते.

"आप्पा, शर्वू आलीय का तुमच्याकडे?"

"नाय गो. तुझ्याबरोबर आत गेली ना ती?"

मी वाकून बाकाखालीही बघितलं.

शर्वू तेव्हा सहा वर्षांची होती. ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. माझा नवरा प्रसन्न गुजरातेत दहेजला साइटवर होता, महिन्याने दोन दिवस यायचा. घरात आम्ही तिघंच. आप्पा म्हणजे मोंडकर पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी भांडुपच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. किराणावाला असो की डॉक्टर, पाटी मोंडकर पेंटरचीच. मग फ्लेक्स आले. संगणकावर अक्षरं काढायची, यंत्रातून फडफडत बाहेर यायची आणि दोन तासांत पाटी तयार. आप्पांचे ब्रश डब्यात गेले. त्यात दुकानंही अशी बदलायला लागली की विचारू नका. आज जिथे मोबाईल मिळतात तिथे दिवाळीनंतर पिझ्झा, आणि पिझ्झ्याची चव कळेपर्यंत तिथे जिम. गावाकडून आलेल्या माझ्या आईला पत्ता सांगताना माझीच फजिती व्हायची.

आप्पा मात्र रोज संध्याकाळी शर्वूला घेऊन फिरायला जायचे आणि फ्लेक्सच्या आड उरलेली आपली जुनी अक्षरं तिला दाखवायचे. पोरगी वाचायला शिकली ती त्याच्यावर. मला ते आवडायचं नाही. एकदा मी बोलूनही गेले, "आप्पा, बंद पडलेल्या दुकानांची नावं पाठ करून तिला काय मिळणार? नवीन दुकानं दाखवा की!" आप्पा नुसते हसले होते.

म्हणून मग मीच तिला शिकवलं होतं. मॉलच्या तळमजल्यावर, दोन नंबरच्या दाराशी एक आईस्क्रीमचं दुकान होतं आणि त्याच्यावर माणसाएवढी लाल स्ट्रॉबेरी, आतून दिवे लावलेली. "हे बघ शर्वू," मी तिला दर खेपेला सांगायचे, "कधी हरवलीस ना, तर रडत बसायचं नाही. सरळ स्ट्रॉबेरीच्या दुकानापाशी येऊन उभं राहायचं. मी येते." आणि ती शहाण्यासारखी मान हलवायची.

"खाली चला आप्पा," मी म्हणाले. "स्ट्रॉबेरीपाशी असणार ती. शिकवलंय मी तिला."

सरकत्या जिन्याला आप्पा बिचकायचे, एरवी बाजूच्या पायऱ्यांनी जायचे. त्या दिवशी माझ्यामागून तसेच उतरले, पिशव्यांसकट. मी दोन नंबरच्या दाराकडे धावले. जवळ जाईपर्यंत मनात ओरडायची तयारी चालू होती, एक धपाटा घालीन म्हणत होते.

स्ट्रॉबेरी नव्हती.

दुकानाच्या जागी छतापर्यंत पांढरं प्लायवूड ठोकलं होतं. त्याच्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र आणि खाली 'लवकरच येत आहे'. गेल्या रविवारी आम्ही इथे उभं राहून कप खाल्ले होते! मी त्या प्लायवूडवर हात आपटला. कशासाठी, कोण जाणे. पलीकडे कोणी असतं तर उघडणार होतं थोडंच. सहा वर्षांचं पोर माझ्या भरवशावर इथे आलं असेल, त्याने वर बघितलं असेल आणि त्याला ही हसरी बाई दिसली असेल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

"अहो, इथलं आईस्क्रीमचं दुकान कुठे गेलं?" मी दारावरच्या सिक्युरिटीवाल्याला विचारलं.

"बंद झालं मॅडम. गुरुवारी सामान नेलं त्यांनी."

"एक मुलगी बघितली का इथे? एवढी. हिरवा फ्रॉक, दोन शेंड्या."

तो विचारात पडला. "हिरवा फ्रॉक... हो, होती. इथेच फिरत होती मघाशी. मग गेली बाहेर."

"बाहेर? एकटी?"

"नाही हो. एका बाईचा हात धरून गेली. मला वाटलं आईच आहे."

मी खाली बसले असते, पण आप्पांनी दंडाला धरलं. त्या दिवसांत पेपरात रोज एक ना एक बातमी असायची मुलं पळवल्याची, आणि मी त्या बातम्या चवीने वाचायचे, शेजारच्या बायकांना सांगायचे. आता त्यातली एकेक आठवायला लागली. त्या गार हवेत माझा ब्लाऊज घामाने पाठीला चिकटला होता.

सिक्युरिटीवाल्याने वायरलेसवर काहीतरी सांगितलं आणि एक साहेब आले. छातीवर सावंत अशी पट्टी. हातात वही आणि पेन.

"घाबरू नका ताई. आपण घोषणा करू, चौकीवरही कळवतो. मुलीचं नाव? वय?" ते लिहीत गेले. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "मुलगी कोणाजवळ होती?"

साधा प्रश्न होता. आजूबाजूला एव्हाना दहा-बारा माणसं गोळा झाली होती. त्यात ती दुकानातली बाईही होती, तोच अबोली फ्रॉक पिशवीत घालून. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि आई असून पोरगी सोडून फ्रॉक ओढत होते, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

"आजोबांजवळ होती," मी म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कामाच्या मधे कोणी हाक मारली की ते ब्रश थांबवून जसे बघायचे, तसं. मग सावंतांना म्हणाले, "हो. माझ्याजवळ होती. सुटला हात."

"आजोबा, सांभाळता येत नाही तर आणता कशाला मुलांना गर्दीत?" गर्दीतलं कोणीतरी बोललं. आप्पांनी मान खाली घातली. आणि मी? मला त्या क्षणी किंचित बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? वाटलं.

तेवढ्यात पर्समध्ये माझा मोबाईल वाजला. रविवारी संध्याकाळी प्रसन्नचा फोन यायचा, तो नेमका तेव्हा आला.

"काय गं, कुठे आहात? एवढा आवाज कसला?"

"शर्वू सापडत नाहीये," एवढं म्हटलं आणि मला रडू फुटलं.

"काय? सापडत नाहीये म्हणजे? कुठे? कशी?"

"मॉलमध्ये. आप्पांच्या हातून सुटली."

दुसऱ्यांदा बोलायला पहिल्यापेक्षा सोपं गेलं. पलीकडे तो काहीतरी ओरडत होता, मी फोन बंद केला आणि वळले तर आप्पा दार ढकलून बाहेर पडत होते. पिशव्या त्यांनी सावंतांच्या पायाशीच ठेवून दिल्या होत्या.

"आप्पा, कुठे निघालात? इथे घोषणा करतायत!"

"घोषणा आतल्यांना ऐकू येणार. ती बाहेर गेलीय ना?"

बाहेर एलबीएस रोड वाहत होता. ट्रक, बस, रिक्षा, सगळ्यांचे भोंगे. ह्या रस्त्यावर माझं सहा वर्षांचं पोर! मी वेड्यासारखी प्रत्येक रिक्षात डोकावून बघायला लागले. एका रिक्षात हिरवं काहीतरी दिसलं म्हणून मी दांड्याला धरून लटकलेच, तर आत भाजीची पिशवी. रिक्षावाला शिव्या देत गेला.

आणि आप्पा काय करत होते? आप्पा फुटपाथवर खाली बसले होते.

मला वाटलं, चक्कर आली. आता ह्यांना सांभाळू की पोरीला शोधू? धावत गेले तर ते उकिडवे बसून समोर बघत होते.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"तिच्या उंचीवरून बघतोय. बस खाली."

बसले. काय करणार? समोर रस्त्यापलीकडे पिझ्झ्याचं नवीन हॉटेल होतं, त्याच्या बाजूच्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स. उभं राहिलं की फ्लेक्सशिवाय काही दिसत नव्हतं. पण खाली बसल्यावर फ्लेक्सच्या खालच्या कडेखाली भिंतीवर निळ्या रंगाची एक ओळ दिसली. 'फॅमिली रूमची सोय'. तिथे पूर्वी हॉटेल रामकृपा होतं, आणि ते अक्षर आप्पांचं होतं.

"रोज वाचते ती," आप्पा म्हणाले. "इथून आम्ही घराकडे वळतो. तुझं दुकान मिळालं नाही म्हणून ती घरी निघाली असेल. माझ्या पाट्या बघत."

"अहो पण ती बाई? हात धरून नेलं ना कोणीतरी?"

"रस्ता ओलांडायला मीच शिकवलंय तिला. एकटीने नाही ओलांडायचा, कोणातरी बाईला सांगायचं, काकी हात धरा. बाईलाच सांगायचं, बाप्याला नाही." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "देव करो आणि तसंच झालेलं असो."

त्या शेवटच्या वाक्याने माझा उरलासुरला धीर सुटला. म्हणजे आप्पाही घाबरले होते.

रस्ता ओलांडला. घर टेकडीच्या बाजूला, चालत वीस-पंचवीस मिनिटं. मी नेहमी रिक्षाने यायचे, ह्या आतल्या गल्ल्या मला ठाऊकच नव्हत्या. आप्पा पुढे, मी मागे. सत्तरीचा माणूस, एरवी जिना चढताना दोनदा थांबणारा, आता मला त्यांना गाठता येईना. वाटेत भेटेल त्याला विचारत होतो. हिरवा फ्रॉक, दोन शेंड्या. कोणी बघितलं नव्हतं. एकजण म्हणाला, बघितलं, पण मुलगा होता.

"आज रविवार ना?" आप्पांनी मधेच विचारलं.

"हो. का?"

"मोबाईलवाला बंद असेल. म्हणजे शटर खाली असेल. शटर खाली असलं तरच दिसतं."

मोबाईलचं दुकान बंदच होतं. शटरवर फिकट तांबडी अक्षरं, 'येथे मसाला कांडून मिळेल'. शटरच्या पायरीवर एक म्हातारा विडी ओढत बसला होता.

"हिरव्या फ्रॉकची पोरगी?" तो म्हणाला. "मघाशी आलती की. हितं उभी राहून मोठ्यानं वाचत हुती. मी म्हनलं, मसाला पायजे का काय? तर गेली पळत."

"कोणाबरोबर होती? बाई होती का बरोबर?"

"न्हाई. एकलीच."

मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. रस्त्यावरच्या त्या बाईने तिला पलीकडे सोडलं होतं, नेलं नव्हतं! मी रडत हसत होते. "आप्पा, आता सापडलीच म्हणायची. आता पुढे काय आहे?"

"पुढे कंपनीची लांब भिंत. 'भिंतीवर जाहिरात करू नये.' एकेक अक्षर दोन हाताचं. ती संपली की डावीकडे वळायचं. भिंतीच्या शेवटी मी तिला कडेवर घेतो, चढ आहे ना."

आम्ही जवळजवळ पळतच गेलो. गल्ली संपली, वळण घेतलं आणि आप्पा थबकले.

भिंत नव्हती. एवढी लांबलचक भिंत होती तिथे निळे पत्रे उभे केले होते, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पत्र्यांवर बावीस मजली टॉवरचं चित्र. चित्रात फुगे हातात घेतलेली मुलं होती.

"परवापर्यंत होती," आप्पा म्हणाले. "परवा वाचली आम्ही. शुक्रवारी. काल इकडे आलो नाही." ते पत्र्यावरून हात फिरवत चालायला लागले, जणू हाताला कुठेतरी भिंत लागणार होती. "कुठे वळायचं ते तिला कसं कळणार? इथे सगळं सारखंच दिसतंय. कुठे गेली असेल गो ती?"

आप्पांना असं विचारताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग मला पत्र्यांमधली फट दिसली. मजुरांनी येण्याजाण्यासाठी एक पत्रा वाकवलेला होता, मूल सहज आत शिरेल एवढा. मी डोकं घातलं. आत खड्डा होता, भिंतीआड कधीपासून खणत असावेत. पायाचा खड्डा, दोन मजले खोल, सळया वर आलेल्या आणि तळाला मातकट पाणी साचलेलं. ती भिंत शोधत आत गेली असेल, असं माझ्या मनात आलं आणि मग ते जाईना. पाण्यावर कसला तरी हिरवा तुकडा तरंगत होता. मी बघत राहिले. तो प्लास्टिकचा कागद आहे हे मला दिसत होतं आणि पटत नव्हतं. मी मनात देवाला सांगितलं, तिला दे, मी सगळं खरं सांगते. आत्ताच्या आत्ता सावंतांना, प्रसन्नला, सगळ्यांना सांगते. फक्त ती दे.

"पेंटरकाका! ओ पेंटरकाका!"

मागे रस्त्याच्या कडेला चायनीजची लाल गाडी होती. गाडीवर ड्रॅगनचा फ्लेक्स, आणि गाडीमागून हातातला झारा हलवत एक बाई ओरडत होती.

"अहो किती वेळ वाट बघतेय तुमची! ही बघा तुमची नात माझ्याकडे बसलीय."

स्टुलावर शर्वू बसली होती. पुढ्यात बशीभर नूडल्स. डोळे रडून सुजलेले, तोंडाला लाल सॉस. मला बघून ती म्हणाली, "आई, स्ट्रॉबेरीचं दुकान नव्हतं. मी आले होते. पण ते नव्हतंच. आणि भिंतपण नाहीये."

मी तिला इतकं आवळून धरलं की ती "दुखतंय, दुखतंय" म्हणून ओरडली. आप्पा तिथेच गाडीला टेकून उभे राहिले आणि त्या बाईपुढे त्यांनी हात जोडले.

"हात कसले जोडता, काका!" ती म्हणाली. तिचं नाव प्रमिला रेडकर. "माझ्या पोळीभाजी केंद्राची पहिली पाटी तुम्हीच रंगवलीत. आता पोळीभाजी कोण खातंय, म्हणून हे चायनीज. पण माणसं विसरते काय मी? ही आली, पत्र्यासमोर उभी राहिली आणि मला विचारते, ही भिंत कुठे नेली? आणि मग भोकाड पसरलं. म्हटलं, तू मोंडकर पेंटरची ना? रोज बघते मी तुम्हाला. म्हटलं, बस इथे, आजोबा येतीलच शोधत."

घरी पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. सावंतांना फोन करून कळवलं. प्रसन्नलाही कळवलं, सापडली, बरी आहे. तो पलीकडे रडत होता. मी सांगणार होते. तोंडावर आलं होतं. पण तो म्हणाला, "आप्पांना दे फोन." मी दिला.

आप्पा खिडकीपाशी उभे राहून ऐकत होते. मला फक्त त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"हो... चुकलंच माझं... नाही, आता नाही नेणार... बरं."

शर्वू माझ्या मांडीवर बसून वरणभात खात होती. ती मान वर करून म्हणाली, "आई, बाबा आप्पांना का ओरडतायत? आप्पा तर बाकावर होते ना? तू मला..."

मी तिच्या तोंडात घास घातला.

मोठा घास होता. तिला गिळायला वेळ लागला. तेवढ्यात आप्पांनी आमच्याकडे पाहिलं होतं. त्यांना सगळं दिसलं. ते पुन्हा खिडकीकडे वळले, बराच वेळ नुसते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "खरं आहे तुझं." मग फोन माझ्या हातात देऊन तोंड धुवायला गेले.

शर्वू झोपल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आप्पा, मी उद्या सांगते त्याला."

"राहू दे गो. पोरगी मिळाली ना? मग झालं तर. तो लांब असतो, त्याला तुझ्या भरवशावर राहायचंय. माझं काय, चार दिवस बोलतील."

आणि मी राहू दिलं. देवाला दिलेला शब्द मी पोरगी मिळाल्यावर तासाभरात विसरले, आणि त्यावर आप्पांनी परवानगीही देऊन टाकली. किती सोयीचं! दुसऱ्या दिवसापासून आप्पांचं शर्वूला घेऊन फिरणं बंद झालं. ती दारात चपला घालून उभी राहायची, ते म्हणायचे, "आज पाय दुखतायत बाय." रोज दुखायचे. पुढे ती विचारेनाशी झाली. तीन वर्षांनी आप्पा गेले. तो मॉलही आता बंद पडलाय.

गेल्या महिन्यात शर्वूचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांना आम्ही ठाण्याला जेवायला नेलं होतं. गप्पा रंगल्या. तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, लहानपणी फार खोडकर होतीस का गं?

"खोडकर? मी तर हरवले होते!" शर्वू हसत हसत म्हणाली. "आमचे आजोबा ना, फार विसरभोळे. मॉलमध्ये माझा हात सोडून दिला त्यांनी आणि बसले बाकावर पिशव्या घेऊन!"

सगळे हसले. प्रसन्नही हसला. "मी इतकं झापलं होतं त्यांना फोनवर," तो म्हणाला.

मी शर्वूकडे बघत होते. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवत होतं. बाक आठवत होता, पिशव्या आठवत होत्या, आणि त्यांच्याभोवती वीस वर्षं घरात ऐकलेलं बाकीचं सगळं चिकटलं होतं. आप्पांच्या बाजूने बोलणारं एकच माणूस होतं, सहा वर्षांची शर्वू, आणि तेही मी संपवलं होतं.

"त्यांनी नाही सोडला," मी म्हणाले. "मी सोडला. एक फ्रॉक ओढायला."

कोणाला काही कळेना. मग मी सगळं सांगितलं. पाहुण्यांसमोर, जेवणाच्या ताटांसमोर. सेल, ती बाई, सावंत, तोंडात घातलेला घास. मला तेव्हासारखीच भीती वाटत होती. शर्वूच्या डोळ्यांत पाणी आलं, ती माझ्याकडे बघेना. तिच्या सासूबाई उगाचच पाण्याचा ग्लास पुढेमागे करत होत्या.

प्रसन्नने मात्र ताट बाजूला सारलं. मग अगदी हळू म्हणाला, "मी त्यांना फोनवर शेवटी काय बोललो होतो, तुला माहीत आहे?"

"नाही. मला फक्त आप्पांचं ऐकू येत होतं."

"मी म्हणालो होतो, पोरीऐवजी तुम्हीच हरवला असतात तर बरं झालं असतं."